गाडीतलं स्वयंपाकघर: आधी बाटल्याची खोली, मग ओटा

वरंधा घाट उतरून महाडच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबवली, बाजूचा दरवाजा सरकवला आणि गॅसचा वास आला. बायकोला म्हटलं, खाली उतर, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. मागचं दार उघडं टाकून रेग्युलेटर काढला, गॅसचा बाटला उचलून पन्नास पावलांवर नेऊन ठेवला आणि आम्ही अर्धा तास आंब्याच्या झाडाखाली बसून राहिलो. घरी येऊन नळी सोडवली तेव्हा कळलं. प्लायवूडला पाडलेल्या भोकातून ती साधी हिरवी रबरी नळी आरपार नेली होती. भोकाच्या कडेला हिरवा भुगा साचला होता आणि नळीवर केसाएवढी चीर होती. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला.

ते आमचं पहिलं गाडीतलं स्वयंपाकघर. दिसायला फार देखणं होतं: ओटा, खण, सिंक, ओट्याखाली झाकलेला बाटला. मी ते सगळं काढून टाकलं आणि उलट्या क्रमाने पुन्हा बांधलं. आधी बाटल्याची जागा, मग नळी, मग शेगडी आणि सगळ्यात शेवटी लाकूडकाम. पुढचं सगळं त्या दुसऱ्या बांधणीतलं आहे. गाडी म्हणजे उंच छताची जुनी ट्रॅव्हलर व्हॅन. टाटाच्या विंगर व्हॅनला हे जवळजवळ जसंच्या तसं लागू पडेल. ईको किंवा ओम्नीसारखी छोटी व्हॅन असेल तर आत स्वयंपाक करण्याच्या भानगडीत पडू नका. डिकीत सरकता ओटा करा आणि शेगडी बाहेर ओढून उघड्यावर रांधा.

कागद आधी

खुर्च्या काढल्या की आरसीवरची आसनसंख्या बदलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला आरटीओची परवानगी लागते. ती घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर दावा अडतो आणि तेव्हा भांडून उपयोग नसतो. परवानगीच्या कामाला वेळ लागतो, म्हणून सुताराला बोलवायच्या आधी अर्ज करा.

कोणता बाटला

घरचा १४.२ किलोचा बाटला गाडीत नेऊ नका. ती जोडणी घराच्या पत्त्यावरची आणि घरगुती वापरासाठीची असते. शिवाय रिकामाच साधारण पंधरा किलोचा तो धोंडा घाटाच्या वळणावर सांभाळणं कठीण. आपल्यासाठी ५ किलोचा, बिनजोडणीचा बाटला आहे. इंडेनवाले त्याला ‘छोटू’ म्हणतात. ओळखपत्र दाखवलं की वितरकाकडे, काही पेट्रोल पंपांवर, काही किराणा दुकानांतही मिळतो आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. रेग्युलेटर त्याच दुकानातून, त्याच बाटल्याच्या व्हॉल्व्हला बसवून पाहून घ्या. घरचा रेग्युलेटर ‘बसेलच’ असं धरून चालू नका.

हार्डवेअरच्या दुकानात टांगलेले, डोक्यावरच बर्नर असलेले छोटे बाटले आणि ते मोठ्या बाटल्यातून नळीने भरून देणारे, या दोघांपासून लांब राहा. बाटल्यात वायूसाठी वर थोडी मोकळी जागा सोडावी लागते. गल्लीत भरणारा काट्यावर मोजत नाही. गच्च भरलेला बाटला उन्हात तापलेल्या गाडीत काय करेल, हे मला बघायचं नाही.

ताब्यात घेताना तीन गोष्टी बघा. वरच्या कडीच्या आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत. ती पुढच्या चाचणीची तारीख. ती उलटून गेली असेल तर बाटला परत करा. दुसरं, सील. तिसरं, टोपी काढून व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी चकती, म्हणजे ओ-रिंग, शाबूत आहे का. ही चकती हरवलेली किंवा चिरलेली असली की रेग्युलेटर कितीही नीट बसवा, गॅस निसटतोच.

पुरतो किती? एलपीजीच्या एका किलोत साधारण १२.८ किलोवॅट-तास उष्णता असते. दोन किलोवॅटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे-एकशे साठ ग्रॅम गॅस खातो, म्हणजे पाच किलोत बत्तीसेक तास. दोघांचा दोन वेळचा चहा, एक कुकर, एक भाजी आणि थोड्या पोळ्या धरून दिवसाला दीड तास जळतो असं मानलं, तर तीन आठवडे. जास्तीचा बाटला बरोबर नेण्याची गरज मला अजून पडलेली नाही.

‘इंडक्शन का नाही?’ हे सगळे विचारतात. पंधराशे वॅटची इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून जास्त ओढते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पाऊण तासात आडवी होते. छतावर भरपूर सोलर असेल आणि खिसाही तसा असेल, तर जरूर करा. मग या लेखातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

बाटल्याची खोली

आता मुख्य काम. एलपीजीचा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात तो जमिनीवर पसरतो, दाराखालून थोडा जातो. गाडी म्हणजे बंद डबा, त्याला तळाला फट नाही. निसटलेला गॅस पाण्यासारखा तळाशी साचतो. हवेत जेमतेम दोन टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो. आमच्या गाडीच्या आतली जागा धरा दहा घनमीटर. हिशेब केला तर अर्ध्या किलोहून कमी गॅस अख्ख्या गाडीला पुरतो आणि तळाशी साचत असल्याने त्याच्याही आधी. म्हणून बाटल्याला स्वतंत्र, आतून हवाबंद आणि खालून उघडी खोली लागते.

जागा मी डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे निवडली. अगदी मागच्या दाराला चिकटून नको, मागून धडक बसली तर बाटला पहिला सापडतो. खोलीचं दार गाडीच्या आत उघडतं, पण त्याला चारही बाजूंनी फ्रीजच्या दारासारखं रबरी गॅस्केट आणि दाबून बसणाऱ्या दोन कड्या आहेत. बाहेरच्या पत्र्यातून दार काढता आलं तर ते जास्त चांगलं. मला बॉडी कापायची हिंमत झाली नाही.

खोका २५ मिमीच्या अँगलची चौकट आणि १८ गेजचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा यांचा. वेल्डिंग गाडीबाहेर करून घ्या. अगदीच आत करावं लागलं तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा. नाहीतर गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जातो आणि त्याचं बिल सगळ्या स्वयंपाकघराहून मोठं येतं. खोक्याचे सांधे आतून पीयू सीलंटने भरा. माप ठरवताना बाटला प्रत्यक्ष समोर ठेवा आणि त्यावर रेग्युलेटर लावून उंची घ्या. मी पहिल्यांदा नुसत्या बाटल्याची उंची घेतली होती, रेग्युलेटर चार बोटं वर आला.

तळाची भोकं हा या खोलीचा प्राण. एकूण १०० चौरस सेंटिमीटर उघडी जागा मी धरली. ५७ मिमीच्या होल-सॉने चार भोकं पाडली की तेवढी भरते. पण त्यांना जाळी लागते, कारण उंदीर गाडीत शिरला की पहिला रबर कुरतडतो. जाळी थोडी जागा खाते, म्हणून पाचवं भोक पाडलं. जाळी ५-६ मिमी घराची घ्या. डासांची बारीक जाळी पावसाळ्यात एका फेरीत चिखलाने बुजते.

पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा. डिझेल टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग आणि विशेषतः सायलेन्सर. भोक सायलेन्सरच्या वर किंवा जवळ आलं तर सगळी मेहनत उलटी पडेल. आधी आतून ३ मिमीचं एकच भोक पाडा, त्यातून तार खाली सोडा आणि कोणाला तरी खाली बघायला सांगा. भोकाखाली चासीचा आडवा पन्हाळीसारखा भाग येता कामा नये, गॅस तिथेच साचून राहील. कापलेल्या कडांना कानस मारून झिंक प्रायमर लावा. कोकणात हे विसरलात तर दोन पावसाळ्यांत भोकं आपोआप मोठी होतील.

आमचे सुतारकाका एवढं सगळं बघून म्हणाले, “साहेब, एवढा पत्रा कशाला? वर नुसती जाळीची झडप ठेवा, हवा खेळती राहील.” घरात त्यांचं बरोबर असतं. इथे वरची झडप गाडीच्या आत उघडली असती, म्हणून ती नाही.

खोक्याच्या तळाला रबरी मॅट, बाटल्याभोवती दोन उंचीवर दोन रॅचेट पट्टे, खोक्याच्या चौकटीला बोल्ट केलेले. बाटला उभाच राहिला पाहिजे. आडवा झाला की वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो आणि शेगडीवर भडका उडतो. या खोलीत बॅटरी नाही, इन्व्हर्टर नाही, रिले नाही, एकही वायर जात नाही. रिकाम्या कोपऱ्यात कांदे-बटाटेही ठेवू नका, ते घरंगळून भोकांवर बसतात. ठेवले होते, म्हणून सांगतो.

नळी

रबरी नळी भिंतीतून आरपार न्यायची नाही, एवढा एक नियम पाळला असता तर मला महाडला आंब्याखाली बसावं लागलं नसतं. रेग्युलेटरपासून खोक्याच्या भिंतीपर्यंत नारिंगी, आत तारेची जाळी असलेली आयएसआय नळी, शक्य तितकी आखूड. भिंतीतून मात्र तांब्याची नळी जाते. भिंतीवर बल्कहेड फिटिंग, म्हणजे पत्र्याला दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा जोड, नसल्यास रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेत बसणारी कडी, आणि भोवती सीलंट. पुढे शेगडीपर्यंत तांबंच, दर अर्ध्या मीटरवर रबर लावलेली क्लिप. शेगडीजवळ पुन्हा आखूड नारिंगी नळी, दोन्ही टोकांना स्क्रूचे क्लॅम्प. तारेने आवळणं वगैरे नको.

तांब्याच्या जोडणीचं काम हॉटेलांची गॅस पाइपलाइन करणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्या. मी त्याच्या शेजारी बसलो. नळी त्याने करवतीने न कापता गोल फिरवायच्या कटरने कापली, आतली धार काढली, कॉम्प्रेशनचा नट आणि पितळी कडी सरकवली, हाताने घट्ट करून मग पान्याने एक फेरा. नट जितका आवळाल तितका चांगला, असं मला वाटायचं. तसं नसतं. जास्त आवळला की कडी तांब्यात रुतून वाकडी होते आणि थरथरीने सैल पडते. सांधे कमीत कमी ठेवा आणि जे असतील ते सगळे हाताला लागतील असे. लाकडामागे लपवलेला सांधा कोणी तपासत नाही.

शेगडीआधी दोन गोष्टी बसवून घ्या: हात पोचेल असा बंद करायचा कॉक, आणि एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, तिला छोटा टेस्ट कॉक, एरवी डमी कॅप लावून बंद.

कुंकवाच्या पाण्याची चाचणी

तो टेस्ट कॉक यासाठी. पारदर्शक प्लास्टिक नळी सव्वा मीटर घ्या, फळीवर यू आकारात चिकटवा, निम्मी पाण्याने भरा. पाणी दिसावं म्हणून मी चिमूटभर कुंकू टाकलं. शेजारी पट्टी लावा. एक टोक टेस्ट कॉकला, दुसरं उघडं. गाडीची सगळी दारं उघडी, आसपास विडी नाही.

शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर आणि टेस्ट कॉक सुरू करा. एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर चढतं. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब साधारण ३० मिलिबार असतो, म्हणजे दोन पातळ्यांत तीसेक सेंटिमीटरचा फरक दिसतो. बर्नर बंद असताना थोडा जास्तही दिसेल. आता रेग्युलेटर बंद करा. पाच मिनिटं पाणी स्थिर होऊ द्या, पातळीवर स्केचपेनने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. खूण हलता कामा नये.

आमची हलली. दहा मिनिटांत चार मिमी. मेकॅनिक म्हणाला, “एवढं चालतंय.” मी म्हटलं, चालत नाही. साबणाचं पाणी ब्रशने एकेका सांध्यावर लावत गेलो. सगळे कोरडे. शेवटी शेगडीच्या डाव्या बटणाच्या दांड्याभोवती फेस आला. नवी कोरी शेगडी, आतला कॉक सैल. दुकानदाराने बदलून दिली, तेव्हा पातळी जागेवर राहिली. काडी पेटवून गळती शोधायची पद्धत अजूनही दिसते, तिच्याबद्दल काय बोलायचं.

शेगडी

काचेची शेगडी घेऊ नका, घाटात तडकते. स्टीलची दोन बर्नरची पुरे. फ्लेम फेल्युअर डिव्हाइस असलेले हॉब, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगड्या, मिळतात: वाऱ्याने ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो. गाडीत दार उघडलं की वाऱ्याचा झोत थेट शेगडीवर येतो, त्यामुळे ही चैन नव्हे. मी दुसऱ्या वेळी तोच घेतला. शेगडीचे पाय खाली पट्टीने बोल्ट करा आणि वरची जाळी प्रवासात काढून खणात टाका, नाहीतर ती रात्रभर टाळ वाजवल्यासारखी वाजते.

मागची भिंत आणि शेगडीच्या बाजूच्या प्लायवर स्टीलचा पत्रा लावा, पण चिकटवू नका. दहा मिमीचे स्पेसर ठेवून मागे हवा खेळती ठेवा. चिकटवलेला पत्रा उष्णता थेट लाकडाला देतो. शेगडीवर कपाट नको, शेजारी पडदा नको.

वर छताला १२ व्होल्टचा बाहेर फेकणारा पंखा हवा. खिडकी उघडून भागेल असं वाटतं, पण सुक्या बोंबलाच्या फोडणीनंतर तीन दिवस अंथरुणाला वास होता. पंखा सुरू असताना हवा आत यायला खाली झडप किंवा खिडकीची फट पाहिजे. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही. बंद गाडीत प्राणवायू संपत जातो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. दोन वेगळे अलार्म लावा: एलपीजीचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला. एलपीजीचा अलार्म डिओ, मच्छरांचा स्प्रे, कधी अगरबत्तीनेही बोंबलतो. म्हणून त्याची तार काढून ठेवणारे आहेत. स्प्रे बाहेर मारा, तार लावलेली ठेवा. आग विझवायला दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ ठेवा. शेगडीच्या मागे टांगला तर पेटल्यावर हात आगीतून घालावा लागेल.

ओटा, पाणी

इथपर्यंत आलात की उरलेलं सोपं. १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, आतून अ‍ॅल्युमिनियमची चौकट. खिळे नाहीत, स्क्रूही कमी. नट-बोल्ट आणि थरथरीने सैल न होणारे नायलॉक नट, कारण आपले रस्ते स्क्रू बाहेर काढतात. ओटा तळाला आणि बाजूच्या खांबाला, दोन्हीकडे बोल्ट करा. खणांना मॅग्नेट कॅच चालत नाहीत. पहिल्या ब्रेकला सगळे चमचे ड्रायव्हरच्या पायाशी येतात. दाबून उघडायचं लॉक लावा.

वीस लिटरचा एक जार वर पाण्यासाठी, तसाच एक खाली सांडपाण्याला, दोन्ही काढता येतील असे, दोन्ही बाटल्याच्या विरुद्ध बाजूला म्हणजे वजन तोलून राहतं. मोटर पंपापेक्षा पायाने दाबायचा पंप मला आवडतो. हाताला पीठ लागलेलं असताना पाणी येतं आणि आपोआप कमी वापरलं जातं. सांडपाणी समुद्रकिनाऱ्यावर ओतू नका. गावातल्या हॉटेलवाल्याला विचारलं तर तो मोरी दाखवतो.

निघताना

गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद. लांबच्या प्रवासात काढूनच ठेवा आणि व्हॉल्व्हवर टोपी बसवा. टोपी दोरीने बाटल्यालाच बांधलेली असू द्या. पेट्रोल पंपावर, दिघी–आगरदांडा किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीत चढताना पुन्हा एकदा हात लावून बघा. बोटीवरच्या माणसाने विचारलं तर बाटला आहे असं सरळ सांगा आणि ते ठेवतील तिथे गाडी ठेवा.

स्पीती किंवा लडाखला हिवाळ्यात जाणार असाल तर एक अडचण येईल. आपल्या एलपीजीत ब्युटेन बरंच असतं आणि ते शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतं. बाटला भरलेला असूनही ज्योत काजव्याएवढी होते. त्याला गरम पाण्यात ठेवणं, ब्लो-ड्रायर मारणं असले उद्योग नकोत. दुपारी ऊन असताना रांधून घ्या. तिथे कुकर मात्र न्याच. लेहच्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्याही आधी उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर टणक राहते.

नारिंगी नळीवर बनवल्याची तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी बदला, चांगली दिसत असली तरी. मी खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: नळी कधी बदलायची, कुंकवाच्या पाण्याची चाचणी शेवटची कधी केली, जाळी कधी साफ केली. पावसाळ्यानंतर परवा खाली झोपून पाहिलं तर पाचपैकी दोन भोकं सुकलेल्या चिखलाने बुजली होती. जुन्या टूथब्रशने दहा मिनिटांत मोकळी झाली.